गोधडीचा घास

आमच्या गोधडीचा कोपरा उंदरांनी कुरतडला, ही बातमी मला दोह्यात, अल दुहैलमधल्या माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळताना कळली. शेजारीण फोन हातात धरून मागच्या दाराने आत आली. पडद्यावर तिची आई होती. युक्रेनच्या पूर्वेकडच्या एका लहान गावात, शाळेच्या तळघरात, अंगात जाड कोट आणि डोक्याला रुमाल बांधून ती उभी होती, आणि मी शिवलेली गोधडी दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत होती. एका कोपऱ्याला लिंबाएवढं भोक पडलं होतं. म्हातारी तावातावाने बोलत होती. मला त्यांच्या भाषेतलं अक्षर कळत नाही, पण कोणाची आई रागावली की ते कुठल्याही भाषेत कळतं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

शेजारीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचारते आहे, पांघरुणात भाकरी कोणी शिवली?"

मीच शिवली होती. पिठाने भरलेले हात मी मागे लपवले, जसे काही तेच पुरावा होते.

हे नीट सांगायचं तर आधी त्या मायलेकींच्या भांडणापासून सुरुवात करायला हवी. आमच्या कंपाउंडमध्ये घरं जोडीजोडीने बांधलेली आहेत. शेजारणीच्या दिवाणखान्याची भिंत तीच माझ्या दिवाणखान्याची. ती एका शाळेत मुलांना पोहायला शिकवते, नवरा विमान कंपनीत, महिन्यातले निम्मे दिवस आकाशात. दुपारी शाळेतून आली की ती आईला फोन लावायची आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून आवाज चढायचा. पहिल्यांदा मला वाटलं नवऱ्याशी भांडतेय. मग लक्षात आलं, ही चाल माझ्या ओळखीची आहे. एक बाजू लांब, विनवणीची, आणि मग पलीकडून एक शब्द आला असावा असा थांबा. नंतर पुन्हा विनवणी. माझी आई सिन्नरला एकटी राहायची, तेव्हा मीही फोनवर अशीच बोलत होते. "ये ना माझ्याकडे." "नाही येत." घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काही खोटं नाही, फक्त तिच्या आईच्या चुलीपासून थोड्या अंतरावर परक्या देशाचे रणगाडे उभे होते.

एकदा मी सरळ विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. शेजारच्या देशाचं सैन्य सीमा ओलांडून घुसलं, तेव्हापासून ते गाव तोफांच्या टप्प्यात आहे. वीज जाते, पाणी गोठतं. तिची आई शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाली होती, पण भोंगे वाजायला लागल्यावर शाळेचं तळघर तिने ताब्यात घेतलं. तिथे लाकडाची शेगडी बसवली, पाण्याची पिंपं भरून ठेवली. गावातला बेकरीवाला आणि एक म्हातारा बसचालक हे तिचे दोन सरदार. भोंगा वाजला की अर्धं गाव तिथे येऊन बसतं. मुलीने तिचा व्हिसा काढला होता, तिकीटही काढलं होतं. ते वाया गेलं, मग दुसरं काढलं, तेही वाया गेलं. म्हातारीचं उत्तर ठरलेलं. तळघराच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, त्या कोणाकडे देऊ?

"ती अजून एक हिवाळा तिथे काढू शकणार नाही," शेजारीण म्हणाली. "मला फक्त ती इथे हवी आहे. जिवंत."

मी फटकळ बाई. सांत्वन करणं मला जमत नाही. आमच्या ग्रुपवर कोणी काही वाईट कळवलं की हात जोडलेल्या चित्रांची आणि मेणबत्त्यांची रांग लागते, ती बघून माझं डोकं सणकतं. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक दोह्यात काही कमी नाहीत, आणि इथे उंटही खरे मिळतात. मी तिला म्हटलं, "ती येत नाही ना? मग तिला काय हवंय ते विचार."

"पांघरुणं," ती म्हणाली. "पण मी पाठवलेली तिला नकोत."

तिने मॉलमधून जाड, फुगीर रजया घेऊन पाठवल्या होत्या. पार्सलात मोजक्याच मावतात, आणि कापड प्लास्टिकच्या जातीचं. शेगडीतली ठिणगी उडाली की भसकन भोक पडतं. एक तर पेटली म्हणे, लहान मुलाच्या अंगावर. म्हातारीने उरलेल्या दूर नेऊन ठेवल्या आणि मुलीला भूगोलाच्या तासाला सुनवावं तसं सुनावलं.

मी आत गेले आणि आईच्या हातची गोधडी आणून तिच्या मांडीवर टाकली. तिने ती उलटून बघितली, बोटाने टाके चाचपले, नाकाला लावून वास घेतला. मग म्हणाली, "हे शिवायला किती लोक लागतात?"

"बायका लागतात," मी म्हटलं. "त्या मी आणते."

सुती साड्या माझ्याकडे होत्याच. दोह्यात वर्षभर एसी चालतो आणि सुती साडी नेसायचा प्रसंग कधी येत नाही, तरी दर खेपेला आम्ही दोन आणतो. खरा प्रश्न आतल्या थराचा होता. नुसतं सूत ओल धरतं, त्या तळघरात लोकर हवी. इथे मला भाभी आठवली. भाभी रत्नागिरीकडची, उम्म सलाल मोहम्मदला राहते. आमची ओळख आमसुलांवरून झालेली. दर वर्षी गावाहून आणते आणि मी तिची पक्की गिऱ्हाईक. तिच्या नवऱ्याचं सूक वाकिफ या जुन्या बाजाराच्या एका बोळात थोब शिवायचं दुकान आहे. थोब म्हणजे इथल्या पुरुषांचा पायघोळ अंगरखा. उन्हाळ्यात पांढराशुभ्र, पण थंडीसाठी जाड लोकरी कापडाचा, करडा नाहीतर तपकिरी. त्या कापडाच्या कात्रणांची पोती दुकानाच्या माळ्यावर पडून असतात, हे मला ठाऊक होतं.

भाभीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, माज्या घरात टीव्हीवर रोज दुसऱ्या लढाईतली पोरां दिसतात. त्यांच्यासाठी कोण शिवतंय?"

खरंच होतं. त्या लढाईतली जखमी मुलं उपचारांना दोह्यातच आणली होती, आमच्या घरापासून गाडीने जाता येईल इतकी जवळ. मी म्हटलं, "त्यांच्यासाठीही शिवू. एक तिकडे, एक इकडे."

"मग यल्ला, चला," भाभी म्हणाली, आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी दोन पोती घेऊन दारात उभी राहिली.

दर शुक्रवारी माझ्या दिवाणखान्यातलं टीपॉय भिंतीला लागायचं आणि खाली चादर अंथरली जायची. आधी आम्ही तिघीच होतो. नंतर इथल्या मराठी मंडळातल्या दोघीचौघी कुतूहलाने आल्या, त्यातल्या काही फोटो काढून गेल्या आणि काही टिकल्या. शेजारणीला सुई धरता येत नव्हती. पाण्यात माशासारखी वावरणारी बाई, पण टाका असा घालायची की भाभी तो शांतपणे उसवून परत तिच्या हातात द्यायची. न रागावता, न बोलता, पुन्हा पुन्हा.

आमच्या यजमानांना हा पसारा फारसा रुचला नव्हता. ते गॅसच्या धंद्यातले इंजिनिअर. एका शुक्रवारी चहाचा कप घेऊन ते पोत्यांना वळसा घालत आले आणि म्हणाले, "कुठली लढाई, कुठे आपण. चार गोधड्यांनी काय होणार आहे?"

"काळ सोकावतो," मी म्हटलं.

म्हण मी मुद्दाम अर्धीच म्हटली. पुढचा अर्धा भाग म्हातारी मेल्याचा आहे, आणि इथे एक खरीच म्हातारी होती. यजमानांना पूर्ण म्हण ठाऊक होती. शेजारणीकडे बघून त्यांनी चहा संपवला आणि ते आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले ते हातात एक जाडजूड पिशवी घेऊन. दोह्यातल्या मोठ्या हॉटेलांत सारख्या परिषदा चालतात, तशाच एका परिषदेला कंपनीने त्यांना पाठवलं होतं. तीन दिवस जेवण उत्तम होतं असं ते म्हणाले होते. पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, प्रादेशिक सुरक्षा. "कापड चांगलं आहे," ते म्हणाले. खरोखरच चांगलं होतं. मी पिशवी उसवली आणि एका गोधडीला मधोमध लावली. बोलून बोलून त्या सुरक्षेचं काय झालं ते मला माहीत नाही, पण निदान कोणाच्या तरी पाठीखाली गेली.

आता घासाचं सांगते. गोधडी पुरी व्हायच्या आधी आमच्याकडे शेवटचा कोपरा उघडा ठेवतात आणि त्यात भाकरीचा वाळलेला तुकडा घालून मग टाके बंद करतात. गोधडीला घास भरवायचा. उपाशी गोधडी माणसाची झोप खाते, असं आई म्हणायची. मी दुकानातून ज्वारीचं पीठ आणून भाकऱ्या थापल्या, गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवल्या, आणि पहिल्या खेपेच्या प्रत्येक गोधडीला एकेक तुकडा भरवला. भाभीला यात नवल वाटलं नाही. तिच्या सासूच्या गावीही काहीतरी घालतात म्हणाली. शेजारणीने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "जेवण झालं की ती नीट काम करते." ती हसली आणि शेवटच्या गोधडीला तिने स्वतःच्या हाताने घास दिला.

उंदरांचा विचार आमच्या कोणाच्याही डोक्यात आला नाही. दोह्यातल्या टाइल्स लावलेल्या घरांत राहून माणूस असा होतो. आई गोधडी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची, ते कशासाठी, हे मला पन्नाशी उलटल्यावर युक्रेनहून कळलं.

तर त्या दुपारी कणीक तशीच टाकून मी फोनसमोर उभी राहिले आणि शेजारणीला म्हटलं, "सांग त्यांना. मी शिवली. का शिवली तेही सांग."

तिने सांगितलं. मास्तरीणबाई, मी तिला मनात तेव्हापासून हेच म्हणते, ऐकत होती. तिने गोधडी खाली केली, भोकात बोट घालून बघितलं. मग काहीतरी म्हणाली आणि शेजारणीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"म्हणते, पद्धत चांगली आहे. पण इथे उंदीर माणसांच्या आधी जेवायला बसतात. त्यांना आवडणार नाही असं काहीतरी भरवा."

पुढच्या शुक्रवारी याच्यावर चर्चा झाली. मीठ घालावं तर ओल धरेल. लवंग घालावी तर पोरं वास येतो म्हणून उसवतील. भाभी टाके घालता घालता म्हणाली, "खजूर द्या."

"अगं, खजूर तर उंदीर आधी खातील!"

"गर आपण खावचा," भाभी म्हणाली. "बी तिला द्यावची."

आम्ही सगळ्या इतक्या हसलो की यजमान आतून बघायला आले. पण ठरलं तेच. तेव्हापासून आमच्या गोधड्या, तिकडच्या आणि इकडच्याही, कतारचा खजूर खातात. बी धुऊन, उन्हात वाळवून, कोपऱ्यात. काही आठवड्यांनी मास्तरीणबाईचा निरोप आला की बी फारच कामाची निघाली. वीज गेल्यावर अंधारात हाताला कोपरा लागला की डोक्याकडची बाजू कळते, आणि मुलं बी चाचपत झोपतात.

दर खेपेला एक गोधडी शेजारीण आईसाठी म्हणून वेगळी बांधायची, वर चिठ्ठी लावायची. दर खेपेला फोनवर विचारायची आणि दर खेपेला कळायचं की ती दिली. कोणा बाळंतिणीला दिली, नाहीतर बसचालकाला दिली, नाहीतर जो कोणी आला त्याला दिली. मग पुन्हा भिंतीपलीकडे आवाज चढायचा. पालथ्या घड्यावर पाणी. मी इकडे भांडी जरा जोरात आपटायची, म्हणजे तिला वाटू नये की मी ऐकतेय.

मग तो उन्हाळा आला. आखातापलीकडे पेटलेल्या तिसऱ्याच लढाईच्या बातम्या आम्ही रोज बघत होतो, पण बातम्या बघणं वेगळं. त्या संध्याकाळी भाभी माझ्याकडेच होती, नवरा दुकानातून तिला न्यायला येणार होता. शेजारीण सुईत दोरा ओवत होती. विमानांची वाहतूक बंद केल्याचं यजमानांच्या फोनवर आलं आणि ते वाचून दाखवत असतानाच लांबून दणका ऐकू आला. मग दुसरा. खिडकीच्या काचा थरथरल्या. शहराबाहेरच्या लष्करी तळाकडे क्षेपणास्त्रं येत होती आणि वरच्यावर फोडली जात होती, हे नंतर कळलं. तेव्हा आम्ही काय केलं? शहाणी माणसं म्हणवणारे आम्ही चौघेही धावत मोठ्या खिडकीपाशी गेलो. यजमानांनी फोन वर धरून चित्रण सुरू केलं. आकाशात नारिंगी ठिपके फुटत होते आणि मी भाभीला म्हणत होते, "ते बघ, ते बघ."

शेजारणीचा फोन वाजला. तिने उचलला आणि पलीकडून जो आवाज आला, तो मला खिडकीपाशी उभ्या उभ्या कळला. शेजारीण ओरडली, "काचेपासून लांब! आई म्हणते दोन भिंती!"

"कसल्या दोन भिंती?"

"बाहेर आणि तुमच्यामध्ये दोन भिंती हव्यात. पहिली मार खाते, दुसरी तुकडे अडवते. चला!"

आमच्या घरात दोन भिंतींच्या आत एकच जागा आहे, न्हाणीघर आणि कोठीच्या मधला बोळ. तिथे आम्ही चौघे गुडघे पोटाशी घेऊन बसलो. भाभीने अर्धी शिवलेली गोधडी सोबत ओढून आणली होती, ती आम्ही पायांवर घेतली. फोन मधोमध फरशीवर ठेवला. मास्तरीणबाई पडद्यावरून एकेकाला मोजत होती. यजमानांचे पाय बोळाच्या बाहेर जात होते, तर तिने त्यांना आत घ्यायला लावले. एवढे मोठे इंजिनिअर, मुकाट्याने पाय आत घेतले त्यांनी. भाभी ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होती. मला भीती वाटत होती. चांगली दरदरून घाम फुटेल अशी भीती. माझा हात भाभीच्या हातात कधी गेला ते मला कळलं नाही.

दणके थांबले. मग फोनमधून मास्तरीणबाई हळू आवाजात काहीतरी म्हणाली आणि शेजारीण हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तू तिथे कशाला राहतेस? इकडे ये. इथे आज शांत आहे."

भाभीचा नवरा आला, तिला घेऊन गेला. आकाश रिकामं झालं होतं आणि रस्त्यावर पुन्हा गाड्या धावू लागल्या होत्या. तेवढ्यात नाशिकहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. त्याने टीव्हीवर बघितलं होतं.

"सामान बांधा आणि पहिल्या विमानाने या," दादा म्हणाला.

"विमानं बंद आहेत."

"सुरू झाली की या. काय ठेवलंय तिथे? तुझी खोली आहे इथे."

त्याचं काही चुकत नव्हतं. आवाज कापत होता त्याचा. मी दिवाणखान्यात पसरलेल्या कापडाकडे बघितलं. कात्रणांचं पोतं उघडं होतं, सुया होत्या तिथेच टोचलेल्या होत्या. आमच्या कंपाउंडच्या दारावर बसणारा पहारेकरी होता तिथेच बसला होता. पुढच्या शुक्रवारी भाभी येणार होती. "नाही येत, दादा," मी म्हटलं.

तो पुन्हा समजावू लागला. लांबलचक, विनवणीचं. मी ऐकून घेतलं आणि परत तेच म्हटलं. "नाही येत."

फोन ठेवला तर शेजारीण माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला मराठीतलं अक्षर कळत नाही. पण ती चाल तिच्याही ओळखीची होती. आजवर भिंतीपलीकडे ती त्या बोलण्याची एक बाजू होती, आज समोर बसून तिने दुसरी बाजू बघितली. ती म्हणाली, "तोही मोठ्याने बोलत होता, ना?" मी मान हलवली. ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या घरी गेली.

त्यानंतर दुपारचं भांडण बंद झालं. म्हणजे फोन रोज व्हायचा, पण आवाज चढत नव्हता. भिंत इतकी शांत झाली की मलाच चुकल्यासारखं वाटायचं. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मी आता तिला ये म्हणत नाही. काय पाठवू, एवढंच विचारते." हे सांगताना ती आनंदात होती असं नाही. आईला तिथे राहू देण्याचं बळ गोळा करत होती ती, आणि ते रोज सकाळी नव्याने गोळा करावं लागत होतं. मला तिचं फार वाटायचं. पण तिच्यासमोर मी ते कधी बोलले नाही, फक्त शुक्रवारचा नाश्ता जरा तिच्या आवडीचा करू लागले.

थंडीच्या तोंडावर पुढच्या खेपेची बांधाबांध सुरू झाली. या वेळी शेजारणीने एक गोधडी सुरुवातीपासून एकटीने शिवली. भाभीने फक्त सुरुवातीची ओळ आखून दिली. टाके अजून वाकडेच होते, पण भाभीने एकही उसवला नाही. वरती माझी निळी साडी, आत करडी लोकर. शेवटचा कोपरा आला तेव्हा मी खजुराच्या बियांची वाटी पुढे केली.

तिने वाटी बाजूला सारली. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, नखाने कडी उघडली आणि एक किल्ली सोडवली.

"ही कसली?" मी विचारलं.

"माझ्या घराची."

"अगं, पण..."

"उंदीर खात नाहीत," ती म्हणाली.

भाभीची सुई थांबली. "तिला सांगशील काय?" तिने तिच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"नाही. सांगितलं की ती नको म्हणेल. तिला हवं तेव्हा येऊ दे, नको असेल तर नको येऊ दे. दार तिचंच आहे." मग तिने कोपरा माझ्यापुढे धरला. "हा तू शिव. माझे टाके उसवतात."

मी दुहेरी दोरा घेतला आणि कोपरा बंद केला. डोळ्यांत पाणी आल्याने सुई दोनदा बोटात गेली.

खेप गेली आणि नेमकी त्यानंतर तिकडची वीज गेली. रोजचा फोन बंद. कधी बेकरीवाल्याच्या फोनवरून एखादा शब्द यायचा, जिवंत आहोत. कधी तोही नाही. शेजारीण पोहायला शिकवायला जायची, परत यायची, शुक्रवारी येऊन शिवायची. टाके सरळ येऊ लागले होते. भाभी म्हणाली, इन्शाल्ला येईल फोन. मी गच्चीवर बिया वाळत घातल्या, नवीन पोतं उसवलं. दुसरं काय हातात होतं?

एका दुपारी भिंतीवर थाप पडली. तिच्याकडून, जोरात. मी तशीच चपला न घालता गेले. फोन टेबलावर उभा केलेला होता आणि पडद्यावर मास्तरीणबाई बसली होती, तोच कोट, तोच रुमाल, जरा वाळलेली. शेगडीचा उजेड एका गालावर पडला होता. गोधड्या पोचल्या होत्या, वाटून झाल्या होत्या. कोणाला कोणती दिली ते ती सांगत होती आणि शेजारीण हं हं करत होती. माझ्यासाठी ती एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती, पण तिचं लक्ष मुळीच तिथे नव्हतं.

"आणि निळी?" तिने शेवटी विचारलं. "ती कोणाला दिली?"

मास्तरीणबाई वाकली. मांडीवरून निळं कापड वर आलं. माझी साडी, वाकडे टाके. तिने कोपरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला आणि हलकेच दाबून बघितला.

"हिने खजूर खाल्लेला नाही," ती म्हणाली.

"नाही."

"कुठल्या दाराची आहे?"

"माझ्या," शेजारीण म्हणाली.

म्हातारी कोपरा चाचपत राहिली. मी तिच्या तोंडून येणाऱ्या त्या एका शब्दाची वाट बघत होते, जो मी इतके महिने भिंतीपलीकडून न ऐकताही ऐकला होता. तो आला नाही. तिने गोधडी खांद्यांवरून ओढून घेतली, पुढे दोन्ही टोकं जुळवली, आणि कोपरा मुठीत धरला.

"किल्ल्या सांभाळायचं काम मला जमतं," ती म्हणाली. "ही मी कोणाला देणार नाही."